टाकी भरलेली, इंजिन उपाशी

खंडेनवमीच्या दिवशी येळ्ळूरच्या आमच्या घरात सकाळपासून लोखंडाचा वास सुटायचा. आप्पा अंगणात बसून विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असं सगळं चिंच-राख लावून घासत आणि पुसून घोंगडीवर ओळीनं मांडत. आत चुलीपाशी आई देवीच्या फुलोऱ्यासाठी कडाकण्या तळायची. बाहेर राखेची खरखर, आत तेलाचा चुर्र आवाज आणि मधल्या सोप्यात आम्ही भावंडं, एखादी कडाकणी मोडते कधी आणि आपल्या वाट्याला येते कधी याची वाट बघत. मोडलेली देवीला चालत नसे, आम्हाला चाले. आप्पांची पूजा मात्र घाईची नसायची. हळद-कुंकू तेलात कालवून लोण्यासारखा घट्ट लेप करायचा आणि तो प्रत्येक हत्याराच्या तोंडाला अंगठ्यानं दाबून लावायचा. विळ्याचं तोंड म्हणजे त्याचे दाते, जात्याचं तोंड म्हणजे दाणे सोडायचं भोक, विहिरीवरच्या इंजिनाचं तोंड म्हणजे डिझेल ओतायचं झाकण. "जिथनं खातंय तिथं लावायचं. कपाळाला लावून काय उपयोग? कपाळ काय खातंय व्हय?" असं ते म्हणत. ही रीत त्यांची त्यांनीच काढलेली होती की आजोबांपासून चालत आलेली, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. पोरींत पहिली असं लोक म्हणतात, म्हणून सांगते, पोरांतसुद्धा. बेळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुढं बी.एड. करून मास्तरीण होण्याऐवजी सांबऱ्याच्या बाजूला एक विमान उडवायला शिकवणारी संस्था होती तिथं शिष्यवृत्तीवर गेले. गावात चर्चा झाली नाही असं कसं होईल? आत्या तर घरी येऊन, पदर खोचून म्हणाली, "एवढं कालेज शिकून शेवटाला ड्रायवरच व्हायचं हुतं, तर मग ट्रॅक्टर काय वाईट हुता गं?" आई हसली. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आक्का, ट्रॅक्टर मी चालवतो. पोरीनं माझ्याफुडं जायाचं का न्हाय?" आप्पांनी शाळा चौथीत सोडली होती. माझ्या पदवीचा कागद त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावला होता आणि घरी आलेल्या कुणालाही, दूधवाल्यालासुद्धा, तो दाखवल्याशिवाय सोडत नसत.

आमचं विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. दोनच माणसांचं, कापडी पंखांचं, पुढं लाकडी पंखा. चावी फिरवून सुरू होण्यातलं ते नव्हे. बशीरमामा मिस्त्री पुढं उभं राहून पंखा हातानं ओढत, दोन-तीन झटक्यांत ते खोकत-खोकत जागं होई. रेडिओ नव्हता. पेट्रोल दाखवणारा काटा होता, पण त्याच्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता. दोन पंखांत दोन टाक्या, आणि उडण्यापूर्वी पंखाला शिडी लावून झाकण काढायचं, लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पायाशी एक कळ होती. ती डावीकडं केली की डाव्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं उतरे, उजवीकडं केली की उजव्या. मध्ये पंप नाही, काही नाही, पाटाचं पाणी उतारानं जातं तसं. आता सांबऱ्याहून मोठाली विमानं उडतात आणि माझी नात त्यात बसून मोबाइलवर गाणी ऐकत जाते. तिला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, तू स्कूटर उडवत होतीस." काही चूक नाही तिचं.

माणूस बरोबर घेऊन उडायचा परवाना मला मिळाला तेव्हा नवरात्र सुरू होतं. पहिलं माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. आईनं आधीच हात जोडले होते, "मला जिमिनीवरच ऱ्हाऊ दे, बाई." आप्पा मात्र तयारच बसलेले. दसऱ्याला गाव वेस ओलांडून सीमोल्लंघनाला जातं. आप्पांचं म्हणणं असं, की आपण निपाणीवरनं पुढं दूधगंगेपर्यंत जाऊन राज्याची खरी सीमाच ओलांडून येऊ. "एवढी भांडणं झाली जिच्यापायी, ती रेघ वरनं दिसती का तर बघू दे की मला एकदा."

दसऱ्याच्या दुपारी आप्पा सांबऱ्याला आले ते लग्नाला आल्यासारखे. कडक धोतर, पटका, माझ्या पदवीदानाला शिवलेला कोट. खिशात रुमालात बांधलेल्या कडाकण्या. मी टाक्यांत पट्टी बुडवून बघितली, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. खालून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही याची खात्री केली. झाकणं स्वतःच्या हातांनी बसवली. मग आमचे शिकवणारे कॅप्टनसाहेब ऑफिसात होते, त्यांना सांगायला गेले. परत आले तर आप्पा शिडीपाशी हात पुसत उभे होते आणि बशीरमामा हसत होते. मी म्हटलं, "चला, बसा आता." आप्पा उजवा पाय आधी टाकून आत चढले.

सुरुवातीचं उड्डाण इतकं छान झालं की आजही आठवलं की बरं वाटतं. पाऊस नुकताच उघडला होता, खाली भाताची शेतं पिवळटायला लागलेली. आप्पांनी पहिल्यांदा डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, मग दोन्ही. मग त्यांना थांबवणं मुश्कील झालं. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ते मला सांगत होते, "ती बघ, कुणीतरी बांध कोरून रान वाढवलंय बघ! खालनं कळत न्हाय, वरनं चोरी दिसती!" संकेश्वर मागं पडलं तेव्हा त्यांनी रुमाल सोडला, एक कडाकणी माझ्या हातात दिली आणि एक स्वतः कडाकडा खायला लागले.

तेवढ्यात इंजिन खोकलं.

एकदाच. मी कडाकणी मांडीवर टाकली. पुन्हा खोकलं आणि पंख्याचा सूर खाली आला, भजनात पेटीवाल्यानं मध्येच भाता सोडावा तसा. शिकवलेलं सगळं हात आपोआप करायला लागले. पावसाळी हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, म्हणून गरम हवेची दांडी ओढली. फरक नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो आळीपाळीनं बंद करून पाहिले. दोन्ही ठीक. मग पायाशी हात घालून टाकीची कळ डावीकडून उजवीकडं फिरवली. इंजिनानं एक आवंढा गिळल्यासारखं केलं आणि पुन्हा पूर्वीसारखं गुरगुरायला लागलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाय आप्पा. टाकी बदलली."

मी मनात हिशेब केला. डाव्या टाकीत कचरा अडकला असावा. उजवी भरलेली आहे. मागं सांबरा, पुढं कोल्हापूरची धावपट्टी, दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. पुढं तवंदीचा घाट ओलांडला की जमीन खाली उतरते, म्हणजे उंची आपसूक हातात राहते. म्हणून पुढंच जायचं ठरवलं. आजही मी तसंच ठरवलं असतं. पुढं आयुष्यभर पोरांना उडायला शिकवलं, त्यांनाही हेच सांगितलं.

घाटाच्या वर आलो. खाली डोंगर, झाडी, हायवेची वळणं, वळणांवर चढणारे ट्रक. उतरायला पाटीएवढीही सपाट जागा नाही. आणि तिथंच डोक्यावर, उजव्या पंखात, पत्र्याचा डबा आत चेपावा तसा टण्ण आवाज झाला. आप्पांनी वर बघितलं. मीही बघितलं. मग उजव्या टाकीवरही इंजिन खोकायला लागलं.

कळ डावीकडं. इंजिन चाललं. हुश्श म्हणायला तोंड उघडलं तोवर पुन्हा सूर गेला. कळ उजवीकडं. चाललं, थोडंच, आणि गेलं. दोन टाक्या काठोकाठ भरलेल्या आणि इंजिन पेट्रोलावाचून मरतंय. मला काहीच कळेना. तुमच्यापुढं ताट वाढलंय आणि कुणीतरी हात धरलाय, असं काहीतरी. मी थ्रॉटल पुरता आत ढकलला, जेवढी म्हणून ताकद आहे तेवढी दे बाबा म्हणून, तर ते आणखी लवकर गुदमरलं. डोंगर वर यायला लागले होते. खरं तर आम्ही खाली जात होतो, पण दिसत होतं ते डोंगर वर येताना. मला त्या वेळी देव आठवला नाही. आईच आठवली, की तिला हे सांगायला कोण जाईल.

आप्पांना कळलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "भिऊ नको, शेवंते. तू आत गेलतीस तवा मी शिडीवर चढलो. दोन्ही टाक्यांच्या तोंडाला घरनं आणलेला लेप चांगला दाबून लावलाय. देवी काय करू देणार न्हाय आपल्याला."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या अंगठ्याच्या नखात अजून लाल होतं.

झाकणाला दाभणानं पाडल्यासारखं एक बारीक भोक असतं. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्या भोकातून आत जायला लागते. हवा गेली नाही तर पेट्रोल आतच अडून राहतं. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार थांबते, म्हणून आपण दुसरं पाडतो, तेच. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचं झाकण ढिलं असायचं, त्याला लेपानं कधी काही झालं नाही. विमानाचं झाकण मात्र घट्ट. तो टण्ण आवाज टाकीचा होता. ती आत ओढली जात होती.

भोक होतं माझ्या डोक्यापासून हातभर वर, पंखाच्या पाठीवर. खिडकीतून हात पोहोचणं शक्य नव्हतं. पण कारण कळल्यावर माझं डोकं जाग्यावर आलं. टाकी पूर्ण बंद नसणार. झाकणाच्या कडेनं थोडी का होईना हवा झिरपत असणार, नाहीतर कळ फिरवल्यावर प्रत्येक वेळी थोडा वेळ तरी इंजिन चाललं नसतं. म्हणजे जी टाकी वापरत नाही ती तेवढ्यात थोडा श्वास घेते. आणि इंजिनाला कमी पाजलं तर तेवढा श्वास पुरेल. सगळा जीव सांगत होता थ्रॉटल पुढं ढकल, डोंगर जवळ आलाय. मी तो मागं ओढला.

"काय करालीस गं?" आप्पा ओरडले. "कमी का केलंस?"

"गप बसा, आप्पा!"

जन्मात त्यांना असं बोलले नव्हते. इंजिन हळू चालायला लागलं, म्हाताऱ्यानं पायरी चढावी तसं, पण चालायला लागलं. कळ डावी, थोडं थांब, खोकायच्या आधीच उजवी, पुन्हा डावी. उंची जात होती, पण दगडासारखी नव्हे. शेवटचा कडा आमच्या चाकांखालून गेला तेव्हा त्याच्यावरचं गवत वाऱ्यानं कुठल्या बाजूला झुकलंय तेसुद्धा मला दिसलं. पलीकडं जमीन खाली उतरली, दूर निपाणी दिसली, तंबाखूची हिरवी रानं दिसली. आणि तिथं इंजिन कायमचं गेलं. दोन्ही टाक्यांवर. पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला.

अशा वेळी विमानात जी शांतता होते ती फार वाईट. पंखांच्या तारांतून नुसता वारा शिट्टी घालतो. तंबाखूच्या रानात उतरले असते तर चाकं सरीत रुतून आम्ही उलटे झालो असतो. एकच माळ होता, लांब, कोरडा, एका टोकाला कडुलिंबाचं झाड. मी तिकडं वळवलं आणि मग बघितलं, माळावर गाव जमलं होतं. सीमोल्लंघनाला. नवीन कपड्यांतली बायका-माणसं, पोरं, मध्ये पालखी, हलगी वाजतेय. आमचं इंजिन बंद, त्यामुळं कुणालाच पत्ता नाही की वरून काय येतंय. वळून दुसरीकडं जायला उंची उरली नव्हती.

"आप्पा, खिडकी उघडा आणि ओरडा!"

आप्पांनी खिडकीची फळी वर ढकलली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि जोंधळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं उठवतात ती हाळी दिली. "हूऽऽर्र्या! सरकाऽऽ रंऽ! अरं, वर बघाऽऽ!" पटका वाऱ्यानं सुटून मागं उडाला. खालची माणसं इकडं बघतात, तिकडं बघतात, वर कुणीच बघत नाही. पुन्हा हाळी. एका बाईनं मान वर केली. तिनं पोराला काखोटीला मारलं आणि अशी किंकाळी फोडली की हलगी थांबली. मग माळ मधोमध फाटला. पालखीवाले पालखीसकट पळाले. चाकं आपटली, उसळलो, पुन्हा आपटलो, दगडावरून गचका बसला, माझं डोकं छताला लागलं आणि कडुलिंबाच्या अलीकडं विमान थांबलं.

आम्ही दोघंही बसूनच राहिलो. लोक धावत आले. कुणीतरी खिडकीतून तोंड घालून विचारलं, "कुठलं गाव?"

"येळ्ळूर," आप्पा म्हणाले.

"अवो, मग घरचीच की! उतरा, उतरा!"

मी उतरले, बैलगाडी पंखाला लावायला सांगितली आणि तिच्यावरून वर चढले. केसातला आकडा काढून झाकणावरचा घट्ट बसलेला लाल गोळा खरवडला. भोक मोकळं झालं तशी टाकीनं आत हवा ओढली. सूंऽऽऽ असा लांब आवाज झाला, बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा. गर्दी मागं सरली. आप्पा खाली उभे होते.

"ते काय गं?"

मी सरळ सांगितलं. गोड करून सांगायला मला कधी जमलं नाही. "टाकीला श्वास घ्यायला भोक असतंय, आप्पा. ते तुमच्या लेपानं बुजलं."

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "छ्या! देवाच्या कुंकवानं कसं हुईल असं?"

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाय."

गावच्या पाटलांच्या घरी आम्हाला ठेवून घेतलं. पाटलीणबाईंनी पुरणपोळीवर तूप ओतलं. आप्पांनी घास मोडला आणि ताटातच ठेवला. कुणीतरी मोटरसायकलवरून निपाणीला जाऊन बेळगावला फोन लावून आलं. झोपायच्या आधी आप्पांनी एकच विचारलं, "तू परत बसणार त्यात?"

"बसायलाच लागंल. उद्या न्हाय बसले तर परत कधीच बसायची न्हाय."

"मग मीबी बसतो."

सकाळी उठले तर त्यांची घोंगडी रिकामी. ते माळावर होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाकं कुठनं कुठवर पळणार, दाव मला." मी कडुलिंबापासून पार पलीकडच्या बांधापर्यंत चालत जाऊन दाखवलं. त्यांनी पटका पसरला, त्यात वाटेतले दगड वेचून भरायला सुरुवात केली. भरला की बांधाला नेऊन रिकामा करायचा, पुन्हा पसरायचा. गावातली चार पोरं मदतीला आली तर त्यांना म्हणाले, "तुमी बसा. हे माझं हाय."

कॅप्टनसाहेब आणि बशीरमामा जीपनं आले. मामांनी नळ्या, टाक्या, इंजिन सगळं खोलून बघितलं. कॅप्टनसाहेब माळ पायांनी मोजून आले आणि म्हणाले, "मी नेतो विमान." मी म्हटलं, "मी आणलंय, मीच नेणार." त्यांनी होकारार्थी मान हलवली. आप्पा घामानं भिजलेले, कोट काखेत घेऊन पुढं आले. "मी बसतो तिच्यासंगट."

"नाही, आप्पा," कॅप्टनसाहेब म्हणाले. "माळ आखूड आहे. वजन कमी पाहिजे. तिला एकटीलाच जाऊ द्या."

आप्पांनी मान खाली घातली आणि पुन्हा दगड वेचायला गेले.

मामांनी पंखा ओढला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मी थ्रॉटल पुरता आत ढकलला, विमान पळायला लागलं आणि चाकांखाली एकही खडा लागला नाही. शेणानं सारवलेल्या अंगणातून जावं तसं ते गेलं. बांधाच्या अलीकडं जमीन सुटली. वर येऊन वळले तेव्हा, आदल्या दिवशी ज्याला वेळ मिळाला नव्हता ते सगळं आलं आणि मी शेजारच्या मोकळ्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं रडले. मग डोळे पुसले, टाकीची कळ बघितली आणि खाली बघितलं. सगळं गाव हात हलवत होतं. बांधाच्या टोकाला आप्पा एकटे उभे होते, तोंड वर करून. मी पंख हलवून दाखवले. त्यांनी हात वर केला नाही. शेवटचा दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि तो खाली टाकायचं त्यांना सुचत नव्हतं.